सिग्नलची पिवळी काच

ज्या माणसाविरुद्ध तुम्ही कधी लिहिलंत, चारचौघांत बोललात, किंवा आलेला मजकूर फोनवरून पुढे पाठवलात, त्याच्या हातांकडे तुम्ही त्याआधी नीट पाहिलं होतं का? मी पाहिलं नव्हतं. ते हात काही परके नव्हते. लहानपणी माझ्या डोक्यातल्या उवा काढणारे, शाळेतून आल्यावर ताटात गरम भाकरी टाकणारे, माझ्या सुमनकाकीचे हात होते ते. मी अठरा वर्षांची होते, बारावी झाली होती, आणि खरं काय ते आपल्याला इतरांच्या आधी दिसतं अशी माझी पक्की समजूत होती. त्या उन्हाळ्याबद्दल मला लिहायचं आहे.

आमचं घर मांडवगण फराट्याच्या शिवारात, गावापासून थोडं बाजूला. आजोबांपर्यंत आमची माणसं मेंढरांमागे फिरली. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जमिनीला पाय टेकवले, ऊस लावला, कांदा लावला. तरी दोन मेंढ्या दारात असायच्याच, आणि आजोबांची काळी घोंगडी खुंटीवर. घरात सगळ्यात जास्त काय होतं तर पत्रकं. आप्पा पत्रकं लिहायचे. दारूविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, मुलींना दहावीनंतर घरी बसवण्याविरुद्ध. शिरूरच्या एका छापखान्यात ती छापून आणायचे आणि बाजाराच्या दिवशी उभं राहून वाटायचे. छापखानेवाला उरलेला गुलाबी कागद देई, म्हणून आमची पत्रकं गुलाबी. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावर. माझ्या वह्यांना कव्हरं त्यांची, डब्यांच्या तळाशी तीच, आणि पावसाळ्यात खिडकीची फट बुजवायलाही तीच. इतर मुलींना गोष्टी पाठ असतात तशी मला मागण्या पाठ होत्या.

आप्पांचे दोन नियम होते. पत्रकातलं प्रत्येक वाक्य चौकात उभं राहून मोठ्यानं म्हणता आलं पाहिजे, हा पहिला. आणि ज्याच्याविरुद्ध पत्रक आहे त्याला ते छापण्याआधी त्याच्या दारात जाऊन वाचून दाखवायचं, हा दुसरा. एकदा ते एका गुत्तेवाल्याकडे असे वाचायला गेले. त्यानं शांतपणे सगळं ऐकलं, चहा पाजला आणि एक चूक काढून दिली. गुत्ता संध्याकाळी उघडतो असं आप्पांनी लिहिलं होतं. तो म्हणाला, सकाळपास्नं उघडा असतोय, तेवढं नीट करा. आप्पांनी नीट केलं. ही गोष्ट ते अभिमानानं सांगायचे. मला मात्र या दुसऱ्या नियमाची चीड यायची. शत्रूला आधी सावध करायचं म्हणजे काय, असं मी आईला विचारायचे. आई हुलग्याचं माडगं ढवळत म्हणायची, शत्रू म्हणं, आन् तू कुठली राणी.

सुमनकाकी आमच्या शेजारच्याच खोल्यांत राहायची. काका गेल्यावर ती बचत गटात गेली आणि गटानं गावात पिण्याच्या पाण्याचा फिल्टर टाकला तेव्हा तो चालवायचं काम तिच्याकडे आलं. सकाळी सहाला मोटर सुरू व्हायची. तिचा घुमणारा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा, आणि त्या आवाजावर आई चहाचं आधण ठेवायची. बायका, पोरं, सायकलीवरचे म्हातारे जार घेऊन यायचे. काकी प्रत्येकाला नावानं हाक मारायची. गावात ‘फिल्टर’ म्हटलं की यंत्र आणि काकी दोन्ही एकदमच डोळ्यांपुढे यायची. ‘फिल्टर आज उशिरा उठली’ असं लोक बिनदिक्कत म्हणत.

त्या उन्हाळ्यात शाळेतल्या काही मुलींची पोटं बिघडली. मी ठरवून टाकलं की दोष पाण्याचा. पाणी तपासायचं तर सूक्ष्मदर्शक हवा, आणि तो माझ्याकडे होता: शाळेनं मोडीत काढलेला, आरसा फुटलेला, पण भिंगं शाबूत. साध्या उजेडात त्यातून पाणी म्हणजे पाणीच दिसायचं. मग मी एका व्हिडिओत पाहिलं की निळा उजेड टाकला तर काही गोष्टी तो उजेड गिळतात आणि दुसऱ्याच रंगात परत देतात. पानातलं हिरवं द्रव्य लाल चमकतं. जंतू हिरवे चमकतात. जंतूंना त्यासाठी आधी एक रसायन लावावं लागतं असंही त्या व्हिडिओत होतं. ते मी ऐकलं आणि सोडून दिलं, कारण ते रसायन माझ्याकडे नव्हतं.

खरी अडचण उजेडाची नव्हती. निळा एलईडी मंडपवाल्याच्या मोडक्या लाइटातून मिळाला. अडचण अशी की परत येणारा उजेड फार मंद असतो आणि टाकलेला निळा फार प्रखर. डोळ्यापाशी असं काही हवं की जे निळा पूर्ण अडवेल आणि हिरवा, पिवळा, लाल सोडेल. यालाही फिल्टरच म्हणतात. शिरूरला जाऊन मी दुकानादुकानांतून फिल्टर मागितला. एकानं ट्रॅक्टरचा डिझेल फिल्टर पुढे ठेवला, दुसऱ्यानं पाण्याची कँडल. तिसरा म्हणाला, ताई, मांडवगणला एवढा मोठा फिल्टर हाय की, काकी चालवत्यात तो. शेवटी एका फोटो स्टुडिओच्या म्हाताऱ्या मालकांना मी काय म्हणते ते कळलं. त्यांनी कॅमेऱ्याची जुनी पिवळी काच काढून दिली आणि मंडपवाल्याकडचा पिवळा जिलेटिन पेपर माझ्याकडे होताच.

या दोन्हींतून निळा किती सुटतो ते तपासायला मी अगरबत्तीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सीडीचा तुकडा तिरका बसवला, समोर दोन ब्लेडांची बारीक फट केली. त्या फटीतून आत आलेला उजेड सीडीवर रंगांच्या पट्ट्यांत फुटायचा. फटीपुढे जी काच धराल तिनं कुठला रंग खाल्ला ते लगेच दिसायचं. भर दुपारी अंधार कुठून आणायचा, म्हणून मी आजोबांची घोंगडी डोक्यावर घ्यायचे. आत मेंढरांचा, धुराचा आणि आजोबांच्या तंबाखूचा वास. बाहेरून आईचा आवाज यायचा, ही पोरगी घोंगडीत अंडी उबवती का काय. पिवळ्या जिलेटिनमधून निळी पट्टी थोडी फिकट व्हायची, बस. दोन थर घातले तर सगळंच धुरकट. स्टुडिओवाल्यांची काच बरी होती, पण तिच्यातूनही निळ्याचा एक काठ सुटायचा, आणि भिंगातून पाहिलं की सगळीकडे निळसर धुकं. एलईडीपुढे मंडपवाल्याचा गडद निळा जिलेटिन लावला तेव्हा त्याच्या निळ्यात लपलेला हिरवट अंश गेला. म्हणजे उजेडाच्या बाजूचं गणित सुटलं, डोळ्याच्या बाजूचं राहिलं.

ते सुटलं दौंडला. आप्पांच्या ओळखीचे एक पीटरमामा तिथे होते, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. नदी ओलांडून मी एसटीनं गेले. त्यांच्या ओसरीवर गाड्यांचा आवाज सतत यायचा आणि त्यांना तो ऐकूच येत नसे. मी नारिंगी-पिवळी काच मागितली. त्यांनी आतून निळ्या डांगरीच्या कापडात गुंडाळलेली तळहाताएवढी काच आणली. जुन्या, हात वर-खाली होणाऱ्या सिग्नलातली. तिच्यामागे रॉकेलचा दिवा असायचा म्हणाले. मी पिशवीतून खोकं काढलं, फटीपुढे काच धरली, बरोबर आणलेल्या एलईडीच्या निळ्या उजेडाकडे रोखली, आणि निळी पट्टी नाहीशी झाली. काठ नाही, सावली नाही. मग निळ्या जिलेटिनवर ती काच ठेवून एलईडीकडे पाहिलं: काळोख. दोन्ही मिळून पूर्ण काळोख व्हायला हवा, ही त्या कामातली सगळ्यात महत्त्वाची परीक्षा, आणि ती पहिल्याच फटक्यात पास झाली. पीटरमामांना माझ्या चेहऱ्याची गंमत वाटत होती. ते म्हणाले, “हा पिवळा काय सांगतो ठाऊक आहे? ‘थांब’ नाही सांगत. म्हणतो, जा, लेकिन पुढचा सिग्नल बघून जा.” मी मान डोलावली. माझं लक्ष एसटीच्या वेळेकडे होतं. काच परत आणून देईन आणि काय दिसलं ते सांगेन, या बोलीवर त्यांनी ती दिली.

घरी येऊन काच सायकलच्या ट्यूबच्या रबरानं भिंगाच्या तोंडावर बांधली. मेथीच्या पानाचा रस काचपट्टीवर घेतला, बाजूनं निळा उजेड मारला, घोंगडी ओढली. काळ्या जागेत लाल निखारे. मी कितीतरी वेळ तशीच बसले. आजही, चांगल्या प्रयोगशाळांतून डोकावून झाल्यावरही, त्या पहिल्या लाल ठिपक्यांइतकं सुंदर मला काही दिसलेलं नाही.

मग रविवारी सकाळी मी दोन बाटल्या भरल्या. एक विहिरीची, एक काकीच्या तोटीची. विहिरीच्या पाण्यात शेवाळाचे थोडे लाल ठिपके होते. काकीच्या पाण्यात हिरव्या-पिवळ्या ठिणग्या होत्या, झगझगीत, काचभर. मी तीनदा बाटली हलवून तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा तेच. म्हणजे गाव ज्या पाण्यासाठी रांग लावत होतं ते विहिरीपेक्षा घाण होतं, आणि हे फक्त मला माहीत होतं.

आप्पा त्या आठवड्यात राहू गावी आत्याकडे गेले होते. मी त्यांची वाट पाहिली नाही. एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘फिल्टरच्या पाण्यात जंतूंची दिवाळी’. मला तो फार आवडला होता. खाली लिहिलं की प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेलं सांगत आहे, की बचत गटाच्या नावाखाली निष्काळजीपणा चालतो, की लिहिणारीची सख्खी काकी असली तरी सत्याला नातं नसतं. हे शेवटचं वाक्य लिहिताना मला भरून आलं होतं. आपल्या माणसालाही सोडलं नाही, याचंच मला कौतुक. शिरूरला जाऊन आप्पांच्या ओळखीवर छापून आणलं, गुलाबी कागदावर, आणि बाजारात वाटलं. काकीला वाचून दाखवायचं मला आठवत होतं. घाईत विसरले असं मी पुढे बरेच दिवस सांगत असे. ते खरं नाही.

दुसऱ्या दिवशी मोटर सहाला सुरू झाली आणि सातला बंद पडली. बिघडली नव्हती. जार घेऊन कोणी आलंच नाही. आई दुसऱ्या चहाचं आधण ठेवत होती, ती त्या शांततेकडे कान देऊन तशीच उभी राहिली. त्या दिवशी ताटात काकीकडची शेंगदाण्याची चटणी नव्हती. एरवी ती न मागता यायची.

आप्पा तिसऱ्या दिवशी आले ते हातात पत्रक घेऊनच. एसटीतच कुणीतरी दिलं होतं. ते ओरडले असते तर मी भांडले असते, माझी तयारी होती. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि एवढंच विचारलं, “सुमनला वाचून दावलं व्हतं?” मी नाही म्हणाले. ते म्हणाले, “मग आता जा. यंत्रबी घेऊन जा.”

काकी फिल्टरच्या खोलीत रिकाम्या जारांमध्ये पायरीवर बसली होती. मी उभ्यानं वाचायला सुरुवात केली. तिनं हातानं समोरचा जार उलटा करून दिला, बस म्हणून. बाजारात वाटलेलं पत्रक त्या खोलीत वाचताना प्रत्येक वाक्य तोंडात अडकत होतं. ‘सत्याला नातं नसतं’ याच्यापाशी मी कागद तोंडापुढे धरला. काकीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “ती दिवाळी दाव की मला.”

बाटली मी बरोबर आणली होतीच. यंत्र जारावर ठेवलं, घोंगडी दोघींच्या डोक्यावर घेतली. ती बराच वेळ भिंगाला डोळा लावून होती. आत तिचा श्वास ऐकू येत होता.

“चांदण्या हायत नुसत्या,” ती म्हणाली. “पर कोमल, जित्ता जीव असता तर एखादा तरी हलला असता. ह्यो एकबी हलंना. पाणी कवा भरलंस तू?”

“रविवारी सकाळी. तोटीचं.”

ती घोंगडीतून बाहेर आली. मीही आले. तिनं उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटांची टोकं आणि नखांच्या कडा पिवळ्या होत्या, नेहमीसारख्या. आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की तिला भंडारा लागतो, देवाची हळद. ट्रॅक्टरला, शिलाई मशीनला, दुभत्या म्हशीच्या कपाळाला. काकी दर रविवारी फिल्टर धुऊन पुसून तोटीला भंडारा लावायची. मोटर सुरू करण्याआधी, न चुकता. हे मला ठाऊक होतं. रोज दिसणारी गोष्ट होती. तिनं ते बोट कोऱ्या काचपट्टीवर हलकेच टेकवलं आणि काच माझ्याकडे सरकवली.

मी घोंगडी ओढली. तिच्या बोटाचा ठसा रेघ न रेघ पेटला होता. त्याच हिरव्या-पिवळ्या ठिणग्या, तोच रंग. निळ्या उजेडात हळद अशी चमकते हे मला नंतर कळलं. पुढे मी कुणालाही उजेडाचा फिल्टर तपासायला शिकवताना चिमूटभर हळदच देत आले, इतकी ती चांगली परीक्षा आहे. त्या क्षणी मात्र मला घोंगडीतून बाहेर यायचं धैर्य होईना. बाहेर काकी बसली होती आणि मी देवभोळेपणाविरुद्धची सगळी पत्रकं तोंडपाठ असलेली मुलगी होते. तिच्या भंडाऱ्यावर मी वाद घातला असता तर जिंकले असते. तिला विचारायचं तेवढं मला सुचलं नव्हतं.

“यंत्र तुझं खोटं न्हाई,” बाहेरून तिचा आवाज आला. “एकदा इचारायचं व्हतंस फक्त. मी कुठं पळून जात व्हते.”

मी रडले. तिनं रडू दिलं, जवळ घेतलं नाही. मग म्हणाली, मला जसं वाचून दाखवलंस तसं आता चौकात वाच.

दुसरं पत्रक लिहायला मला चार दिवस लागले. त्यात एकही चांगलं वाक्य नाही. मी काय पाहिलं, काय समजले, काय चुकलं, एवढंच आहे. आधी ते काकीला वाचून दाखवलं. तिनं एक दुरुस्ती सांगितली: ‘माझ्या यंत्रानं पाणी शुद्ध ठरतं’ असं मी उत्साहात लिहिलं होतं, ते काढ म्हणाली, यंत्राला कुठं एवढं कळतंय. मग तोटी धुऊन नवं पाणी सरकारी तपासणीला पाठवलं, ते पिण्याजोगं आल्याचा कागद मिळाल्यावर त्याचा उल्लेख घातला. मुलींची पोटं कशानं बिघडली होती ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. बाजाराच्या दिवशी चौकात उभी राहून मी ते वाचलं. आप्पा गर्दीत मागे उभे होते, टोपी हातात. ऊस तोडणीच्या टोळीचा एक मुकादम मोठ्यानं म्हणाला, कोमल नाव ठेवलंय म्हणं हिचं, ठेवणाऱ्यानं आधी तपासलं न्हाई वाटतं. लोक हसले. मीही हसले, कारण वाचून झालं होतं.

बायका परत आल्या, पण सगळ्या एकदम नाही. काही घरांनी फिल्टर सोडला तो सोडलाच. पहिलं पत्रक ज्या घरांत गेलं त्या सगळ्या घरांत दुसरं पोहोचलं नाही. काकी भंडारा आजही लावते, आता तोटीऐवजी दाराच्या चौकटीला. हा बदल तिनं कुणाला न सांगता केला, आणि त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. चटणीची वाटी मात्र पुढच्याच आठवड्यात आली, आईनं ती माझ्या ताटाजवळ ठेवली.

काच परत द्यायला मी दौंडला गेले आणि ठरल्याप्रमाणे सगळं सांगितलं. पीटरमामांनी काच पुसून परत त्या निळ्या कापडात गुंडाळली. म्हणाले, “काच बरोबर होती. ड्रायव्हर जल्दी में था.” मग चहा आला.

आता मी पत्रकांच्या जागी लेख लिहिते, आणि अजून पुष्कळ रागानं लिहिते. राग सोडावा असं मला वाटत नाही. अन्याय दिसला की तो यावाच. पण छापायला देण्याआधी मी त्या माणसाच्या दारात जाते. बहुतेक वेळा चहा मिळत नाही. दोनदा कुत्री मागे लागली आहेत. जाते तरीही, आणि बोलताना आधी त्याच्या हातांकडे बघते.

तुमच्याकडे एक मागणं आहे. शिरूर आणि दौंडकडच्या घरांमधून ते पहिलं गुलाबी पत्रक अजून असणार. जुन्या वहीचं कव्हर म्हणून, धान्याच्या डब्याच्या तळाशी, खिडकीच्या फटीत. मथळ्यावरून ओळखू येईल, ‘फिल्टरच्या पाण्यात जंतूंची दिवाळी’. सापडलं तर फाडू नका, जाळू नका. सवड काढून मांडवगणला या, ते सुमनकाकीच्या हातात द्या, आणि तिनं पुढे केलेला पाण्याचा पेला तिथेच उभ्यानं पिऊन मग जा.